उसनीं पात्रें

शेजारणीचें भांडें घरांत आलें तर तें रिकामें परत पाठवूं नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. दिवाळींत फराळाचें ताट शेजारीं गेलें कीं तें धुऊन-पुसून, त्यांत त्या घरची करंजी किंवा चिवडा घालूनच परत यावयाचें. भांडें एकीचें, पदार्थ दुसरीचा. 'पात्र' या एकाच शब्दानें आपण भांडेंहि दाखवितों आणि नाटक-कादंबरींतील माणूसहि दाखवितों, हा केवळ भाषेचा योगायोग असेल. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत, त्याचें वर्णन करावयास याहून सोपा शब्द आम्हांस सांपडला नाहीं.

इंग्रजींत ज्याला 'फॅन फिक्शन' म्हणतात तो हा प्रकार. एखाद्या ग्रंथांतील माणसें वाचकास इतकीं आपलीं वाटावीं कीं ग्रंथ मिटल्यावरहि त्यानें त्यांना सोडूं नये. मूळ लेखकानें जें सांगितलें नाहीं, जो प्रसंग दोन प्रकरणांच्या मधल्या फटींत राहून गेला, तो त्यानें स्वतः लिहावा आणि पैसे न घेतां आपल्यासारख्याच दुसऱ्या वाचकाच्या हातीं ठेवावा. आम्ही यास 'रसिककथा' म्हणतों. कोणास याहून बरा शब्द सुचल्यास आमचा हट्ट नाहीं. या कथांचा पसारा आज फार मोठा झाला आहे. त्या सांभाळण्यासाठीं हौशी वाचकांनींच उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहास २०१९ सालीं विज्ञानकथेच्या क्षेत्रांतील ह्यूगो पारितोषिकहि मिळालें. त्या सगळ्या पसाऱ्याशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. आमचें लक्ष आहे तें त्यांतील सणासुदीच्या एका चालीकडे.

नाताळच्या दिवसांत 'यूलटाइड' नांवाची एक देवघेव २००३ सालापासून दरवर्षीं होत आली आहे. तींत भाग घेणारा प्रत्येक जण आपणांस कोणत्या पात्रांविषयीं वाचावयास आवडेल तें आधीं कळवितो, आणि स्वतः कोणत्या पात्रांविषयीं लिहूं शकेल तेंहि सांगतो. मग जोड्या लावल्या जातात. आपल्या वांट्यास कोण आलें हें देणाऱ्यास कळतें, घेणाऱ्यास कळत नाहीं. कथा निदान एक हजार शब्दांची हवी. २५ डिसेंबरला सगळ्या कथा उघडतात. लिहिणाऱ्यांचीं नांवें मात्र १ जानेवारीस. मधला आठवडा घेणाऱ्याच्या हातांत भेट असते, देणारा नसतो. फार गाजलेल्या कृतींना येथें जागा नाहीं. ज्यांवर सहसा कोणी लिहीत नाहीं अशा, अडगळींत पडल्यासारख्या कृतींसाठींच ही सोय आहे. हें कलम आम्हांस विशेष आवडलें. आपलें लाडकें पुस्तक दुसऱ्या कोणीं वाचलेलेंच नाहीं, हें एकटेपण ज्यांनीं भोगलें आहे त्यांनाच तें सुचावें.

आमची एक भाची या देवघेवींत रमते. दोन वर्षांपूर्वीं तिनें हाच खेळ घरांत मांडला. नाताळाऐवजीं दिवाळी. दसऱ्यापर्यंत प्रत्येकानें आपलें मागणें लिहून तिच्याकडे द्यावयाचें, नरकचतुर्दशीस गोष्टी वांटावयाच्या आणि भाऊबीजेस नांवें सांगावयाचीं. अक्षरावरून ओळख पटूं नये म्हणून सगळ्या गोष्टी तीच छापून काढणार. १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकानें दिवाळी अंक काढला तेव्हांपासून मराठी घरांत सण आणि गोष्ट यांची गांठ बांधलेली आहे. पालमसारख्या तालुक्याच्या गांवीं तर फराळ संपल्यावर करमणूक तरी दुसरी काय? आम्हीं हंसून होकार दिला. खरें सांगावयाचें तर त्या हंसण्यांत थोडी वडीलकी होती. पुस्तकांचीं परीक्षणें लिहिण्यांत आमचें बरेंचसें आयुष्य गेलें आहे.

आमचें मागणें असें होतें: चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची पत्नी काऊ हिची बाजू कोणीं तरी सांगावी, विनोद असावा, रडगाणें नसावें. या मागण्यामागें थोडा विचार होता. 'चिमणरावांचें चऱ्हाट' घ्या किंवा त्याचीं भावंडें घ्या, सगळी हकीकत चिमणराव स्वतःच सांगतो. आपल्या फजितीची कबुली तोच देतो आणि ती देतांना नकळत अधिकच उघडा पडतो, हेंच तर त्या विनोदाचें मर्म. परंतु त्यामुळें काऊ आपणांस दिसते ती नवऱ्याच्या सांगण्यांतून. ती आपल्या मनांत त्याला काय समजत होती हें जोशांनीं तिच्या तोंडून वदविलें नाहीं. वदविलें असतें तर त्यांचा चिमणराव उभाच राहिला नसता. मूळ लेखकानें जें दार मुद्दाम ओढून घेतलें असेल, रसिककथा नेमकी त्याच दाराची कडी वाजविते.

येथें कोणी विचारील कीं, हें सारें उसनवारीचें वाङ्मय. यांत स्वतंत्र प्रतिभा ती कोठली? मराठी वाचकानें हा प्रश्न विचारावा याचें आम्हांस नवल वाटतें. एकनाथांचें भावार्थरामायण युद्धकांडांत अपुरें राहिलें आणि तें त्यांचा शिष्य गावबा यानें पुरें केलें. आमच्या तालुक्यांतून वाहणारी गोदावरी पैठणाहूनच खालीं येते. तिच्या दोन्ही तीरांवर तें रामायण पिढ्यान् पिढ्या वाचलें गेलें, पण गावबाचीं पानें उसन्या पात्रांचीं म्हणून कोणीं पोथी मिटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मोरोपंतांनीं एका रामकथेचीं अष्टोत्तरशत रामायणें केलीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या धर्तीवर त्यांचे शिष्य गडकरी यांनीं बाळकराम, भांबूराव आणि तिंबूनाना उभे केले. तेव्हां या आक्षेपावर अधिक शाई खर्चण्याचें कारण नाहीं. आमची अडचण निराळी आहे, आणि ती आम्हांस स्वतःच्या फजितीनें समजली.

नरकचतुर्दशीस आमच्या हातीं अकरा पानें आलीं. दिवाळीच्या आधींची पहाट आहे. काऊ चकलीची भाजणी दळीत बसली आहे आणि आंतल्या खोलींत चिमणराव घोरत आहे. जात्याची घरघर थांबली कीं घोरणेंहि थांबतें, म्हणून नवऱ्याची झोंप मोडूं नये एवढ्यासाठीं ती हात दुखला तरी खुंटा सोडीत नाहीं. दळतां दळतां ती जात्याशीं बोलते. नवऱ्यानें चारचौघांत सांगितलेल्या एकेका पराक्रमाची खरी हकीकत ती जात्याच्या कानांत घालते: चोर समजून त्यानें डोक्यावरून पांघरूण ओढलें त्या रात्रीं मांजराला कोणीं हुसकावलें, आणि सकाळीं गुंड्याभाऊपुढें त्या मांजराचा चोर कसा झाला. तक्रारीचा सूर कोठें नाहीं. नवऱ्याची फुशारकी मोडून काढली तर घरांत मागें नुसता नवराच उरेल, असें तिचें म्हणणें. वाक्यें लहान, भाषा घरगुती, विनोद ओढून आणलेला नाहीं. जोशांच्या काऊला कोठें धक्का न लावतां तिला बोलतें केलें होतें. आम्ही मनापासून हंसलों.

मात्र सातव्या पानावर एक विलक्षण गोष्ट घडत होती. काऊ बोलतां बोलतां गप्प होते आणि तीनचार ओळींपुरती एका अरण्यांत जाते. तेथें सीता रडते आहे. जवळ माणूस नाहीं. तेव्हां बोरी आणि बाभळी यांच्याच बायका होतात आणि तिची समजूत घालतात. पुढल्या ओळींत काऊ पुन्हां भाजणींत ओंवा घालावयाचा राहिला म्हणून हळहळत आहे. आम्हीं लाल शाईनें समासांत लिहिलें: "अप्रस्तुत. पुण्याच्या पांढरपेशा काऊच्या तोंडीं बोरी-बाभळी कोठून? पात्राशीं विसंगत. शिवाय मागणें विनोदाचें होतें." अशा आणखी सहा खुणा इतर पानांवर होत्या. गोष्ट भाचीची आहे याविषयीं आम्हांस संशयहि आला नाहीं. नवशिक्या लेखिकेस चार गोष्टी समजल्या तर बरें, अशा सद्‌हेतूनें तीं पानें घेऊनच आम्ही भाऊबीजेस गंगाखेडला आक्काकडे गेलों. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण.

ओवाळणें झालें. नांवें सांगण्यापूर्वीं आम्हीं सर्वांसमक्ष त्या खुणा एक एक करून वाचून दाखविल्या. भाची खालीं पाहत होती. आम्हांस वाटलें, लाजली. मग तिनें यादी वाचली. काऊची गोष्ट आक्कानें लिहिली होती. आक्काचें वय आज पंचाहत्तरीच्या पुढें आहे. पत्रांपलीकडे तिनें कधीं कांहीं लिहिल्याचें कोणास ठाऊक नव्हतें. ती निरांजनाचें तबक मांडीवर घेऊन बसली होती. तिनें एवढेंच विचारलें, "अरे, 'अप्रस्तुत' म्हणजे रे काय?"

आम्हीं कांहीं तरी समजावून सांगितलें. तें ऐकून घेऊन ती म्हणाली, "असेल बाबा. आई म्हणायची ती ओवी आहे. तूं जात्यापाशीं तिच्या मांडीवर निजायचास, म्हणून घातली."

ती ओवी आम्हांस आठवली नव्हती. पन्नास वर्षें ग्रंथ पारखणाऱ्या माणसास आपल्या आईची ओवी समोर आली असतां ओळखतां येऊं नये, आणि वर तिच्या समासांत लाल शाई उठावी, या गोष्टीवर अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ती चूक नुसती विसराळूपणाची नव्हती. तिच्या मुळाशीं वाङ्मयाकडे पाहण्याची एक रीत होती, आणि ती रीत आम्हांपुरतीच नाहीं, म्हणून हा लेख.

ज्यांच्या घरीं जातें आतां नुसतें कोपऱ्यांत उभें आहे अशा तरुण वाचकांस जात्यावरची ओवी छापील संग्रहांतूनच भेटते. साने गुरुजींचें 'स्त्रीजीवन' अनेक घरांत असेल. मराठवाड्यांतील अभ्यासक ना. गो. नांदापूरकर यांनीं तर बायकांच्या ओव्यांतून एक सबंध रामकथा उभी केली आणि तिला 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' असें यथार्थ नांव दिलें. या नांवांतील 'रचित' हा शब्द मोलाचा आहे. या बायकांनीं रामायण नुसतें ऐकलें नाहीं. त्यांनीं तें रचलें. युद्धावर त्यांचा जीव फारसा रमत नाहीं. सीतेचें रानांतलें बाळंतपण, तेथें नसलेलें माहेर, लवांकुशांचा पाळणा, यांवर मात्र ओवीमागून ओवी येते. वाल्मीकीनें जेथें एका श्लोकांत भागविलें तेथें यांना रात्र पुरत नाहीं. शेजारच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस म्हणून गांव आहे. तेथील एका बाईच्या तोंडून अशाच ओव्या १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या भांडारांत त्या आहेत. त्या बोरी-बाभळी तेथेंहि सीतेची समजूत घालीत उभ्या आहेत. कोणा अनामिक बाईनें आपल्या बांधावरचीं कांटेरीं झाडें उचलून रामायणांत नेऊन लाविलीं, आणि तीं तेथें रुजलीं. दंडकारण्यांत बाभूळ शोभते का, असें समासांत लिहिण्यास तेव्हां कोणी परीक्षक जवळ नव्हता हें मराठी काव्याचें भाग्य.

आणि गंगाखेड तर जनीचें गांव. देव जनीला दळूं लागतो, तिच्या गोवऱ्या वेंचतो, हें जनीच्या अभंगांत आहेच. परंतु लोकांचें त्यावर समाधान झालें नाहीं. त्यांनीं उत्तरेंतून कबीराला आणून जनीच्या गोवऱ्यांच्या भांडणांत उभें केलें, आणि कानाशीं धरतां ज्या गोवरींतून विठ्ठलनाम ऐकूं येतें ती जनीची, असा निवाडा त्याच्यासमोर करविला. जनीचें निधन १३५० सालचें मानितात; कबीराचा काळ पंधराव्या शतकाचा. ज्या दोघांची भेट होणें शक्य नव्हतें त्यांची भेट व्हावी असें कोणाला तरी फार वाटलें. परकीय रसिककथांत दोन निरनिराळ्या ग्रंथांतील पात्रें एकत्र आणण्याची चाल मोठ्या कौतुकानें सांगतात. ती गंगाखेड-पंढरपूरच्या वाटेवर जुनीच आहे.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. जात्यावर बसलेली बाई ओवी नुसती गात नाहीं, ती देते. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला, असा तिचा क्रम असतो. कांहीं ओव्या समोर बसून खुंट्याला हात लावणाऱ्या जावेसाठीं असतात आणि त्या दुसरी कोणी समोर बसली तर म्हटल्या जात नाहींत. ओवीला जसें यमक आहे तसा एक धनीहि आहे. छापील संग्रहांत यमक उतरतें, सीता उतरते, बाभूळहि उतरते. धनी उतरत नाहीं. ती कोणासाठीं म्हटली गेली हें कागदावर राहत नाहीं, आणि आम्ही शिकलेलीं माणसें कागदावरच वाढलों. त्यामुळें कृति समोर आली कीं आम्ही विचारतों, ही काय आहे? कशी आहे? ही कोणासाठीं आहे, हा प्रश्न आमच्या शास्त्रांत येतच नाहीं. ग्रंथ सर्वांसाठीं असतो, तेथें तो येण्याचें कारणहि नाहीं. परंतु सणाच्या देवघेवींतील रसिककथा सर्वांसाठीं नसते. तिचें पहिलें वाक्य घेणाऱ्यानें लिहिलेलें असतें. त्याचें मागणें हेंच तें वाक्य.

मग आमची लाल खूण चूक होती का? हा प्रश्न आम्हीं स्वतःला बरेच वेळां विचारला आहे, आणि उत्तर सरळ येत नाहीं. पात्राशीं प्रामाणिक राहणें ही रसिककथेची पहिली अट आहे. काऊचें भांडें घेऊन त्यांत वाटेल तें शिजवावयाचें असेल तर काऊच कशाला हवी? या कसोटीवर पाहिलें तर बोरी-बाभळी आजहि आम्हांस खटकतात, चि. वि. जोशांच्या पांढरपेशा घरांत त्या उगवत नाहींत. ती गोष्ट उद्यां या मासिकांत छापावयाची झाली तर तेथें कात्री चालवावी असें आम्ही संपादकांस सांगूं. आणि ती कात्री चालली तर त्या गोष्टींत आमच्यासाठीं म्हणून जें होतें तेंच नेमकें जाईल. तींच चार वाक्यें एका वाचकास दोष आणि दुसऱ्या वाचकास भेट. अशी स्थिति टीकाशास्त्रास मानवत नाहीं, हें आम्ही जाणतों. ती आमच्यापुढें आहे एवढें मात्र खरें.

एका गोष्टीविषयीं मात्र आमच्या मनांत संदेह उरला नाहीं. आमचें मागणेंच अर्धवट होतें. 'रडगाणें नसावें' हें कलम आम्हीं घातलें तें आपल्या रसिकतेचा तोरा म्हणून. भाचीनें दाखविलेलीं मागण्यांचीं कांहीं पत्रें आम्हीं पुढें वाचलीं. त्यांत हाच दोष वरचेवर दिसतो. कोणी मनाईंची चार पानें यादी देतो आणि देणाऱ्यास कारकून करून टाकतो; कोणी 'कांहीं चालेल' म्हणून हात झटकतो, जणु भुकेलें नसल्याचा मोठेपणा मिरवितो. चांगलें मागणें म्हणजे आपली भूक नेमकी सांगणें आणि मग गप्प बसणें. कित्येक कथांची गोडी तर इतकी एकसारखी असते कीं संक्रांतीचा हलवा आठवावा: रंग निराळे, आंत तीच साखर. रुसलेलीं दोघें शेवटीं एकत्र आणलीं कीं झालें, एवढीच ज्यांची कल्पना अशा भेटी आम्ही डझनानें वाचल्या. त्या देणाऱ्यांच्या सद्भावनेस नमस्कार. पण त्यांनीं परत केलेलें भांडें रिकामेंच असतें, फार तर धुतलेलें असतें. आक्कानें आमचें कलम मोडलें, तीनचार ओळींपुरतें मोडलें आणि लगेच ओंव्याकडे वळली. मागणाऱ्याच्या शब्दांपेक्षां मागणारा तिला अधिक ठाऊक होता.

आतां घेणाऱ्याच्या बाजूविषयीं. फ्रेंच पंडित मार्सेल मोस यानें १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत भेटीचीं तीन बंधनें सांगितलीं आहेत: देणें, घेणें आणि फेडणें. यांतील मधलें बंधन लोकांस सर्वांत सोपें वाटतें. हात पुढें केला कीं झालें. तें सर्वांत अवघड आहे असें आम्ही आतां म्हणूं. यूलटाइडच्या मंडळींत भेट मिळाल्यावर चार शब्द लिहून आभार मानण्याची शिस्त आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ते चार शब्द पुष्कळदां 'फार छान', 'फार आवडली' यांच्या पलीकडे जात नाहींत. यावर कोणी म्हणतात कीं, अशा मुखस्तुतीनें लेखन सडतें, तेव्हां भेटीचीहि निर्भीड टीका व्हावी. आम्हीं ती करून पाहिली. तिच्यापेक्षां मुखस्तुति बरी.

परंतु या दोहोंवांचून तिसरी गति आहे, आणि तिला मराठींत फार चांगला शब्द आहे: पोंच. आपलें पत्र पोंचलें, पैसे पोंचले, माणूस सुखरूप पोंचला, हें कळविण्याची आपली जुनी रीत. मासिकांच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोंच' म्हणून एक यादी असे; ज्या पुस्तकांचें परीक्षण करण्याचें मनांत नसे त्यांचीं नांवें तेथें ढकलावयाचीं, हा संपादकी धर्म आम्हींहि इमानानें पाळला आहे. परीक्षण हा मान आणि पोंच ही बोळवण, असें आम्ही समजत होतों. भेट म्हणून आलेल्या गोष्टीस परीक्षण नको, पोंच हवी. कोणतें वाक्य पोंचलें आणि कोठवर पोंचलें, एवढें कळवावें. हें काम परीक्षणाहून सोपें नाहीं, कारण परीक्षण करतांना आपण कृतीसंबंधीं बोलतों; पोंच देतांना स्वतःच्या आंत पाहून यावें लागतें, आणि तेथें कांहींच पोंचलें नसेल तर तेंहि सभ्यपणें सांगावें लागतें.

कायद्याची एक शंका कोणी काढील म्हणून सांगतों. चि. वि. जोशी १९६३ सालीं निवर्तले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क राहतो या भारतीय नियमाप्रमाणें १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव आणि काऊ सर्वांचीं झालीं आहेत. ज्या लेखकांचे हक्क अद्यापि चालू आहेत त्यांचीं पात्रें घेऊन पुस्तक छापूं पाहणाऱ्यानें वकिलाचा सल्ला घ्यावा. घरांतल्या ताटावर पानभर गोष्ट ठेवणाऱ्यास त्याची गरज पडेलसें वाटत नाहीं.

गेल्या दिवाळीस आक्कानें गोष्ट लिहिली नाहीं. डोळ्यांचें निमित्त सांगितलें. खरें कारण भाचीनें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. या वैशाखांत, दीड वर्षानंतर, आम्हीं तिला त्या अकरा पानांची पोंच लिहिली. पत्र मोठें नव्हतें. जात्याच्या पाळीवर पडलेल्या पिठांत बोट फिरवून आम्ही अक्षरें काढीत होतों, तें आईच्या हाताला लागूं नये म्हणून ती डाव्या हातानें आमचें बोट बाजूस सारी, आणि ओवी न थांबतां चाले. सातवें पान पुन्हां वाचतांना हें एकाएकीं आठवलें, एवढेंच कळविलें. लाल शाईविषयीं कांहीं लिहिलें नाहीं. उत्तरीं आक्कानें गंगाखेडच्या पावसाची हकीकत लिहिली आणि शेवटीं लिहिलें कीं, तें जातें अजून माळ्यावर आहे, हवें असल्यास घेऊन जावें.

यंदा आमच्या वांट्यास आक्काच आली आहे. हें गुपित येथें फोडण्यास हरकत नाहीं. आक्का हें मासिक वाचते, पण हा अंक तिच्या हातीं पडेल तोंपर्यंत भाऊबीज होऊन गेलेली असेल. तिचें मागणें दोनच ओळींचें आहे. नामदेवाच्या घरीं रात्रीं जनी एकटी दळते आणि आवाज दोघांचे येतात. गोणाई उठून पाहते का? मनाई कसलीहि नाहीं. आम्ही तीन रात्री बसलों आहों. दीड पान झालें आहे. गोणाई अंथरुणावर उठून बसली आहे, शेजारीं राजाईहि जागी आहे, पण दोघींपैकीं कोणी दाराशीं जावयास अजून तयार नाहीं.